हिमालयातल्या ‘८७ टक्के स्थिर’ हिमनद्या: आकडा खरा, अर्थ भलताच

हिमालयात काही आपत्ती आली, की दोन-चार दिवसांत एक मेसेज हटकून ग्रुपवर येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: इस्रोने उपग्रहांवरून हिमालयातल्या दोन हजारांवर हिमनद्या तपासल्या आणि त्यातल्या ८७ टक्के स्थिर निघाल्या. हिमालयाच्या वायव्येकडच्या काराकोरम रांगेत तर बर्फ वाढतोय. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीला ‘२०३५ पर्यंत हिमनद्या संपतील’ ही स्वतःची थाप मागे घ्यावी लागली. तेव्हा हिमनद्या वितळतायत ही सगळी बोंब परदेशी संस्थांनी उठवलेली.

या मेसेजची खुबी अशी की त्यातला जवळपास प्रत्येक तुकडा कुठल्या तरी खऱ्या कागदावरून उचललेला आहे. त्यामुळे ‘फेक आहे’ म्हणून तो झटकता येत नाही. आकडे ठीक आहेत, पण ते नेमकं काय मोजून आले एवढंच गाळलंय, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

‘इस्रो म्हणते ८७ टक्के स्थिर’

अभ्यास खरा आहे. इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेलं हे काम २०१४ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. २००१ च्या आसपासच्या आणि २०१०-११ च्या उपग्रहचित्रांवर २०१८ हिमनद्यांच्या हद्दी आखून (ही संख्या आहे, साल नव्हे) त्यांची तुलना केली होती. १७५२ हिमनद्यांचं मुख, म्हणजे खालचं टोक, जागेवर होतं, २४८ मागे हटल्या होत्या आणि १८ पुढे सरकल्या होत्या. १७५२ म्हणजे ८६.८ टक्के. मेसेजमधले ८७ ते हेच.

पण शास्त्रज्ञांनी ‘मुख स्थिर’ असं लिहिलं होतं. फॉरवर्ड होता होता ‘मुख’ गळलं आणि अख्खी हिमनदीच स्थिर झाली.

काळही फक्त दहा वर्षांचा आहे. आपल्या उपग्रहांवरचा, अशा कामांत नेहमी वापरला जाणारा लिस-३ कॅमेरा जमीन २३.५ मीटरच्या चौकोनांत पाहतो. वर्षाला दोन मीटर मागे हटणारी हिमनदी दहा वर्षांत वीस मीटर हटणार, म्हणजे एका चौकोनाच्या आतच. दोन तारखांची चित्रं एकमेकांवर बिनचूक बसवताना तेवढी सरकासरक तशीही होते. म्हणून सावध संशोधक अशा हिमनदीपुढे ‘बदल नाही’ असंच लिहील आणि ते योग्यच आहे. मात्र त्या ‘बदल नाही’चा अर्थ ‘आमच्या मोजपट्टीवर दिसेल एवढा बदल नाही’ असा असतो.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच येत नाही. जिथे हालचाल दिसली तिथे मागे हटणाऱ्या हिमनद्या पुढे सरकणाऱ्यांच्या जवळपास चौदा पट आहेत. सगळ्यांचं मिळून १०,२५० चौरस किलोमीटरपैकी सुमारे २१ चौरस किलोमीटर क्षेत्र घटलं. घट थोडी आहे, हे खरं. पण ती घटच आहे.

‘मुख हललं नाही म्हणजे बर्फ शाबूत’

मेसेजमध्ये हे असं लिहिलेलं नसतं, पण सगळा डोलारा याच गृहीतकावर उभा आहे. एखादा माणूस आजाराने खंगलाय का, हे पाहायला कोणी त्याची उंची मोजत नाही. हिमनदीच्या मुखाची जागा ही तिची उंची झाली. तब्येत कळते ती जाडीवरून.

हिमालयात हा फरक आल्प्सपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो आणि त्याचं कारण म्हणजे राडारोडा. इथले कडे तीव्र उताराचे आणि ठिसूळ. दगडमाती सतत हिमनदीवर कोसळत राहते आणि बर्फाबरोबर वाहत खालच्या टोकाशी साचते. गंगोत्रीसारख्या मोठ्या हिमनदीच्या खालच्या भागात गेलात तर पांढरं काही फारसं दिसतच नाही. करड्या दगडांचा उंचसखल पसारा असतो आणि त्याच्या पोटात बर्फ. या थराची जाडी सगळं ठरवते. नुसती धूळ असेल तर ती ऊन शोषते आणि बर्फ उलट लवकर वितळतो. थर काही सेंटिमीटरच्या वर गेला की ऊन बर्फापर्यंत पोचेनासं होतं. म्हणून सगळ्यात खालचं, सगळ्यात उबदार हवेतलं टोक दगडांच्या पांघरुणाखाली टिकून राहतं आणि वरच्या अंगाला, जिथे दगड विरळ आहेत तिथे, पृष्ठभाग खचत जातो. बर्फ पातळ झाला की त्याचं वाहणं मंदावतं, खालचा भाग जवळजवळ थिजतो. त्यावर तळी साचतात, तळ्यांच्या काठांवर बर्फाचे उघडे कडे तयार होतात आणि ते भराभर वितळतात. एवढं सगळं होत असताना मुख मात्र वर्षानुवर्षं तिथल्या तिथे असू शकतं.

‘नेचर जिओसायन्स’मधल्या २०११ सालच्या एका अभ्यासात याच दशकातल्या, म्हणजे २००० ते २००८ दरम्यानच्या, २८६ हिमनद्या पाहिल्या होत्या. मान्सूनच्या पट्ट्यातल्या ६५ टक्क्यांहून जास्त हिमनद्या मागे हटत होत्या. ज्यांची मुखं जागेवर होती त्यांत दगडांनी गच्च झाकलेल्या, सपाट आणि थिजलेल्या टोकाच्या हिमनद्यांचा भरणा होता.

यातून आणखी एक पंचाईत होते. साध्या रंगीत चित्रात दगडाखालचा बर्फ आणि बाजूचा नुसता दगड सारखेच दिसतात. मुख नेमकं कुठे संपतं हे ठरवायला मग उष्णता टिपणाऱ्या पट्ट्यातलं चित्र घ्यावं लागतं, किंवा रडारच्या दोन फेऱ्यांत कुठली जमीन हलली ते पाहावं लागतं. गूगल अर्थवर बोटाने रेघ ओढून ‘बघा, तिथेच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.

जाडी वरून मोजता येते का?

येते, आणि त्याची गोष्ट मजेदार आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेचे हेक्सागॉन नावाचे हेर उपग्रह फिल्मवर फोटो काढत. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडली जाई आणि विमान ती हवेतच झेलत असे. नकाशे बनवण्यासाठी एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतलेले होते. आपले दोन डोळे जशी खोली जोखतात त्याच तत्त्वाने अशा जोडीतून डोंगराची उंची काढता येते. हे फोटो २००२ साली खुले झाले आणि संशोधकांच्या हाती हिमालयाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या उंच-सखलपणाचा अख्खा दप्तरखाना आला. हेरगिरीचा एवढा चांगला उपयोग क्वचितच झाला असेल!

या उंचीची तुलना नासाच्या टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर कॅमेऱ्याशी केली. त्याला एक दुर्बीण सरळ खाली पाहणारी आणि एक मागे पाहणारी आहे, त्यामुळे तीच जोडी तिथेही मिळते. २०१९ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या या कामात भारत, नेपाळ, भूतान आणि चीनच्या हद्दीतल्या, २००० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या ६५० हिमनद्या होत्या. १९७५ ते २००० या काळात त्यांचा बर्फ दरवर्षी सरासरी ०.२२ मीटर पाण्याएवढा (म्हणजे वितळून पाणी केलं तर तेवढ्या जाडीच्या थराएवढा) घटला. २००० ते २०१६ मध्ये हाच आकडा ०.४३ मीटर. म्हणजे वेग जवळपास दुप्पट. आणि हा दुसरा काळ ‘८७ टक्के स्थिर’वाल्या दशकाला पोटात घेतो. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत: बरीचशी मुखं जागेवर, आणि बर्फ मात्र रोडावतोय.

यात चुका नसतात असं नाही. जुनी फिल्म ताणली गेलेली असते. ताज्या पांढऱ्या बर्फावर कॅमेऱ्याला पकडायला खूणच सापडत नाही. रडारने मोजली तर लहरी कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरतात आणि पृष्ठभाग आहे त्यापेक्षा खाली दाखवतात. म्हणून अशा प्रत्येक आकड्यापुढे कमीअधिकची मर्यादा छापलेली असते. वरच्या दोन्ही आकड्यांना ती साधारण ०.१३-०.१४ मीटरची आहे. ती धरूनही घट शून्यावर येत नाही.

शिवाय पडताळा जमिनीवरही आहे. हिमाचलच्या लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून दरवर्षी बांबूच्या काठ्या बर्फात खोल रोवून ठेवतात आणि वर्षाने किती काठी उघडी पडली ते मोजतात. वरच्या भागात खड्डे खणून हिवाळ्यात किती बर्फ साठला ते बघतात. २००२ ते २०१४ चा हिशेब दरवर्षी सरासरी अर्ध्या मीटरहून थोड्या जास्त पाण्याच्या तुटीचा निघाला. एक हिमनदी म्हणजे हिमालय नव्हे, मान्य. पण काठी आणि उपग्रह एकाच दिशेला बोट दाखवतात.

‘काराकोरममध्ये बर्फ वाढतोय’

२००० नंतरची काही वर्षं तिथल्या हिमनद्या जेमतेम समतोलात किंवा किंचित वाढीवर होत्या, हे उपग्रहांनीच दाखवलं. हिमनद्यांचे अभ्यासक केनेथ हेविट यांनी २००५ साली या वेगळेपणाला ‘काराकोरम अपवाद’ असं नाव दिलं. तिथला बर्फ मुख्यतः हिवाळ्यातल्या पश्चिमी झंझावातांवर पोसतो, तर पूर्वेकडचा उन्हाळी मान्सूनवर. त्यामुळे दोन्हींची चाल वेगळी. इस्रोच्या २०१८ हिमनद्यांत काराकोरमच्याही होत्या, हेही ८७ टक्के वाचताना ध्यानात ठेवायला हवं. अपवाद आणि बाकीचा हिमालय एकाच टोपलीत घालून काढलेली ती टक्केवारी आहे. २०१० नंतरच्या दशकात हा अपवादही ओसरत असल्याचं ‘नेचर’मधल्या २०२१ सालच्या जागतिक मोजणीत दिसलं.

आणि पुढे सरकणारी हिमनदी म्हणजे धष्टपुष्ट हिमनदी, असंही नसतं. काराकोरममधल्या काही हिमनद्या वर्षानुवर्षं निपचित राहून अचानक उसळी मारतात. हुंझा खोऱ्यातल्या शिस्पर हिमनदीने २०१८ पासून अशी उसळी घेतली आणि शेजारचा ओढा अडवून तलाव केला. मे २०२२ मध्ये तो फुटला आणि काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला. चित्रात ती हिमनदी ‘वाढलेली’च दिसत होती.

‘२०३५ ची थाप’

चूक झाली होती. हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तवली होती आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने ती चूक कबूल केली. पण ते वाक्य कुठल्या उपग्रहाच्या मोजणीतून आलंच नव्हतं, एका संस्थेच्या प्रचारवजा अहवालातून उचललेलं होतं. ती चूक दाखवून देणाऱ्यांत हिमनद्या मोजणारे शास्त्रज्ञच पुढे होते. तिचा दाखला देऊन त्याच शास्त्रज्ञांची मोजमापं खोटी ठरवायची, हे जरा अतीच होतं.

‘परदेशी बोंब’

अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी अहमदाबादच्या त्याच केंद्रातून २००७ साली चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचा अभ्यास छापला. भारतीय उपग्रह, भारतीय शास्त्रज्ञ, नियतकालिकही बंगळूरूचं. १९६२ पासून क्षेत्र २०७७ वरून १६२८ चौरस किलोमीटरवर आल्याचं, म्हणजे २१ टक्के घटल्याचं त्यांना दिसलं. मी हा आकडा जपून वापरतो. कारण तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशांवर, हंगामी बर्फही हिमनदीत धरला गेला असण्याची शक्यता नंतरच्या संशोधकांनी दाखवली आहे आणि तसं असेल तर घट फुगलेली असेल. दुसऱ्या बाजूचे उत्साही लोक हा २१ चा आकडा बिनदिक्कत फिरवतात, तेही तितकंच चूक.

ज्या इस्रोच्या नावावर हा मेसेज चालतो, तिनेच एप्रिल २०२४ मध्ये हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने साचणाऱ्या हिमालयीन तलावांची पाहणी जाहीर केली. २०१६-१७ मध्ये दहा हेक्टरहून मोठे असलेले २४३१ तलाव मोजले. त्यातले ६७६ तलाव १९८४ पासून ठळकपणे वाढलेत आणि त्यातले १३० भारतात आहेत. वाढलेल्यांपैकी ६०१ तलाव दुपटीहून मोठे झालेत. त्यात घेपांग घाट हा ४०६८ मीटर उंचीवरचा तलाव उदाहरण म्हणून दिला आहे. १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर. हा तलाव हिमाचलात, लाहौलमधल्या सिस्सू गावाच्या वरच्या खोऱ्यात आहे. अटल बोगदा ओलांडून गेलेले आपल्याकडचे पर्यटक धबधब्याचे फोटो काढायला थांबतात, ते हेच सिस्सू.