चार टोकं मोजायची

परवा सकाळी मी वेताळ टेकडीवर पालथा पडलो होतो. मुद्दाम. पण फिरायला येणाऱ्यांना ते कसं कळावं? पाच मिनिटांत तिघांनी पाणी पुढे केलं, एका आजींनी ‘शुगर आहे का हो?’ म्हणून चौकशी केली आणि एका कुत्र्याने माझा कान हुंगून पाहिला.

नाकासमोर एक निळं फूल होतं, शर्टाच्या बटणाएवढं. विष्णुक्रांता असावी. खानदान रताळ्याचं आणि गारवेलीचं, पण कशाला विळखा घालून वर चढणं हिच्या रक्तात नाही. हिच्या शास्त्रीय नावातल्या ‘इव्हॉल्व्ह्युलस’चा अर्थच मुळी ‘उलगडलेली’. मला मात्र अजून उलगडत नव्हती. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ साली हिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस या नात्यातल्या दुसऱ्या गटात घातलं आणि १७६२ साली बाहेर काढलं. त्याला नऊ वर्षं लागली. मी तर बँकेतून निवृत्त झालेला माणूस.

खूण तशी सोपी. फुलाच्या मधोमध स्त्रीकेसराचे दोन दोरे, प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे. एकूण टोकं चार. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला दोरा एकच, टोकं दोन. मी भिंग लावून मोजली. तीन! श्वास रोखून पुन्हा मोजली, पाच! पाचवं टोक चालायला लागलं, तेव्हा ती मुंगी निघाली.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. आमच्या सोसायटीच्या हिरवळीत नाण्यासारख्या गोल पानांची, पांढऱ्या फुलांची एक पसरलीय. ती इव्हॉल्व्ह्युलस नुम्म्युलॅरियस, विष्णुक्रांतेची बहीण, मूळची अमेरिका खंडातली. पांढरी म्हणजे तीच, असं मी खुशाल ठरवून टाकलं होतं. मग कळलं की विष्णुक्रांताही क्वचित पांढरी फुलते. खरी परीक्षा खोडाची: नुम्म्युलॅरियस पेरापेराला मुळं धरते, विष्णुक्रांता धरत नाही. म्हणून मी हिरवळ उपटून पाहायला बसलो, तर वॉचमन म्हणाला, “काका, गवत काढायला माणूस ठेवलाय आपण.”

असो. टेकडीवर चार टोकं नक्की लागेपर्यंत बारा वाजत आले. तिसऱ्यांदा वाकलो तर फुलाने दुकान मिटलेलं. फोटोत आला फक्त माझा अंगठा, तोही अंधुक.

घरी आलो तर गॅलरीत नवी कुंडी. निळी फुलं, चांगली टपोरी.

“अहो, बघा, शंखपुष्पी आणली. स्मरणशक्तीला चांगली असते म्हणे.”

“ही इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस. ब्राझीलकडची. शोभेची आहे नुसती.”

“नर्सरीवाला शंखपुष्पी म्हणाला.”

“कॉन्व्हॉल्व्ह्युलसला शंखपुष्पी म्हणतात, विष्णुक्रांतेला म्हणतात, गोकर्णालासुद्धा म्हणतात! थांब, टोकंच मोजून दाखवतो.”

खिसे चाचपले. पिशवी उलटी केली. भिंग टेकडीवरच राहिलं होतं.

हिने काही न बोलता कुंडी माझ्या खुर्चीजवळ सरकवली.