फरशीवर पालथी पडलेली ती नन शिक्षा भोगत नव्हती

आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. फोटोत पांढऱ्या झग्यातली एक नन फरशीवर पालथी पडलीय, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. वर लाल अक्षरांत लिहिलंय, 'डोमिनिकन मठातली शिक्षा'. डोमिनिकन हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा एक धर्मसंघ. खालचा मजकूर थोडक्यात असा: या मुलींना कोवळ्या वयात कोंडतात, परत येऊ देत नाहीत. बोलायला बंदी, शिकायला बंदी. दिवसभर रिकाम्या बसून माळ ओढतात आणि फुकटचं खातात. आईबाप मरायला टेकले तरी त्यांना सोडत नाहीत. जुन्या गोव्यातला सांता मोनिका हा त्यांचाच तुरुंग, आणि गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून शिक्षा देणारं न्यायालय, चालवलं तेही यांनीच. शेवटी, 'प्रत्येक गोंयकारापर्यंत पोचवा'.

माझ्याकडे तो सात जणांकडून आला. त्यातल्या चौघी माझ्या हाताखाली शिकलेल्या. म्हणून सविस्तर लिहिते.

मी जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरची. आमचं कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचं मूळ देऊळ आमच्या बेटावरचं. ते पोर्तुगिजांनी पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हे मी आजीकडून ऐकत वाढले आणि पुढे मराठी शाळेत पोरांना शिकवलं. त्या काळातल्या अत्याचारांवर पांघरूण घालायला मी बसलेली नाही. पण आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुलगी पोर्तुगालमधल्या एका डोमिनिकन मठात आहे. मला मावशी म्हणते. २०१० मध्ये ती गेली, २०१९ मध्ये तिने आयुष्यभराची व्रतं घेतली. माझा भाचा लिस्बनला असतो, त्याच्याकडे उतरून मी तिच्या आईला त्या सोहळ्याला घेऊन गेले. मठाच्या पाहुण्यांच्या खोलीत आम्ही दोघी तीन दिवस राहिलो.

म्हणून फोटोपासूनच सुरुवात करते, कारण अगदी तसंच दृश्य मी चार हातांवरून पाहिलंय. व्रत घ्यायच्या दिवशी ती वेदीसमोर फरशीवर पालथी पडली, हात क्रुसासारखे पसरून. मठप्रमुख बाईंनी विचारलं, 'तू काय मागतेस?' तिने उत्तर दिलं, 'देवाची दया आणि तुमची दया.' डोमिनिकन संघात ही प्रश्नोत्तरं ठरलेलीच आहेत. पुढे लितानी, म्हणजे संतांच्या नावांची लांबलचक आळवणी, गायली गेली, त्या वेळीही ती तशीच पडून होती. तिची आई माझा हात घट्ट धरून बसली होती. मी पंढरपूरला नामदेव पायरीपाशी लोकांना दंडवत घालताना पाहिलंय. तो फोटो काढून खाली कुणी 'शिक्षा' असं लिहिलं, तर आपल्याला काय वाटेल? इथे तेच झालंय. 'तुमची दया' हे शब्द मला विशेष वाटले. एकट्या देवाकडे मागून भागत नाही. ज्या बायकांबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं, त्यांच्याकडेही मागायचं असतं.

सांता मोनिकाबद्दलचं विधान तर साफ चूक आहे. तो मठ डोमिनिकनांचा नव्हताच, ऑगस्टिनियन नन्सचा होता. १६०६ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी तो सुरू केला, १६२७ मध्ये इमारत पूर्ण झाली. घोटाळा कुठून झाला असेल तेही सांगते. डोमिनिकन लोक संत ऑगस्टीनची नियमावली पाळतात, पण तेवढ्याने दोन संघ एक होत नाहीत. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले आणि बायकांच्या मठांत नव्या मुली घेणं थांबलं. आज त्याच इमारतीत १९६४ पासून धर्मभगिनींना ईश्वरविद्या शिकवणारी मातेर देई संस्था आहे आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. दिवाडीच्या फेरीतून उतरून व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चालत गेलात, की त्या भिंतीचे अजस्र टेकू दिसतील. बायका आत जाऊन शिकताहेत हे डोळ्यांनी बघून या.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. त्या शतकांत युरोपात आणि इथेही बापांनी हुंड्याचा खर्च वाचवायला मुलींना मठात ढकललं. हे होत होतं म्हणूनच १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेला, मुलीवर जबरदस्ती करणाऱ्याला बहिष्कृत करू, असा ठराव करावा लागला. मेसेज लिहिणाऱ्याला खरा आधार सापडला असता तर तो इथे होता. त्याने तो शोधला नाही.

इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आलं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. ते राजसत्ता आणि पाद्री यांचं न्यायालय होतं, आणि त्यात डोमिनिकन पुरुषांचा हात होता हे खरं आहे. पण त्या न्यायासनावर एकही बाई बसत नव्हती. भावाने केलेला गुन्हा बहिणीच्या नावावर मांडायचा नाही.

आता कोंडण्याबद्दल. आधी एक फरक समजून घ्या, कारण गोव्यात आपण सगळ्यांनाच सरसकट सिस्टर म्हणतो. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या धर्मभगिनी वेगळ्या आणि मठातच राहून प्रार्थना करणाऱ्या नन्स वेगळ्या. डोमिनिकनांमध्ये दोन्ही आहेत, पण सुरुवात मठवासी बायकांनीच झाली. संत डोमिनिकने दक्षिण फ्रान्समध्ये प्रूई इथे बायकांचं घर उभं केलं ते १२०६ च्या सुमारास. पुरुषांच्या संघाला पोपची मान्यता मिळाली १२१६ मध्ये.

त्या मठात शिरणं सोपं नाही, हे मेसेजवाल्याला कळलं तर तो चकित होईल. रोमने २०१८ मध्ये ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या पावलापासून कायमच्या व्रतापर्यंत किमान नऊ वर्षं जावी लागतात. निदान एक वर्ष नुसती ओळख, एक वर्ष उमेदवारी, दोन वर्षं नवव्रती, मग पाच वर्षं तात्पुरती व्रतं. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की मुलगी निघून जाऊ शकते. आमच्या मुलीबरोबरची एक गेलीसुद्धा. लिस्बनला नोकरी करते आणि सणाला मठात भेटायला येते. धाकाने किंवा फसवून घेतलेलं व्रत चर्चच्या कायद्याने मुळातच अवैध ठरतं. मठप्रमुख वरून नेमली जात नाही. नन्स तिला गुप्त मतदानाने निवडतात, ठरावीक मुदतीसाठी, आणि मुदत संपली की ती पुन्हा भांडी घासायच्या पाळीत येते. आमच्याकडच्या किती घरांत सुनेला असं मत आहे, हे ग्रुपवरच्या बायकांनी आपल्या मनाला विचारावं.

रिकाम्या बसतात, हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. मी तीन दिवस त्यांच्या घंटेवर उठले. पहाटे पाचला पहिली घंटा, अंधारातच प्रार्थना. मग सकाळची स्तोत्रं, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न्याहारी, काम. दुपारी पुन्हा प्रार्थना, मग जेवण. जेवताना एकजण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात. मग अभ्यास, संध्याकाळची स्तोत्रं, रोझरीची जपमाळ, तासभर एकत्र बसून गप्पा, आणि रात्रीची प्रार्थना. दीडशे स्तोत्रं अशी फिरून फिरून म्हटली जातात. त्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात, दिंडीतले टाळकरी राहतात तशा. एक ओळ या बाजूने, पुढची त्या बाजूने. प्रत्येक ओळीच्या मधोमध श्वासभर थांबतात. पहिल्या दिवशी मला ती शांतता चुकल्यासारखी वाटली, कुणाला शब्द आठवत नाही की काय अशी. तिसऱ्या दिवशी मीही त्या जागी थांबू लागले. आमची मुलगी मला म्हणाली, 'मावशे, त्या वेळी आम्ही एकमेकींची वाट बघतो. म्हाताऱ्या सिस्टरांचा श्वास पुरायला हवा ना.'

आणि काम? त्यांचा मठ मिस्सासाठी लागणाऱ्या ओस्त्या, म्हणजे प्रसादाच्या पातळ गोल पापड्या, बनवून पोट भरतो. गव्हाचं पीठ आणि पाणी, तिसरं काही घालायचं नाही, तसा नियमच आहे. पीठ घावनाच्या पिठाहून पातळ. तापलेल्या दोन लोखंडी पत्र्यांमध्ये ते ओतून दाबतात, कागदासारखी पापडी निघते. लगेच कापली तर तिचा चुरा होतो. म्हणून रात्रभर दमट कपाटात ठेवून मऊ करतात आणि दुसऱ्या दिवशी गोल कापतात. आमच्या मुलीच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन डाग आहेत. 'फुकटचं खातात' हे वाचलं तेव्हा मला ते डागच दिसले.

बोलायची बंदी नाही, मौनाच्या वेळा आहेत. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत कुणी बोलत नाही. गप्पांच्या तासाला मात्र भिंतीपलीकडून इतकं हसू यायचं की तिची आई म्हणाली, ही तर आमच्या फेस्ताच्या स्वयंपाकघरासारखीच गडबड. अभ्यास तर डोमिनिकनांच्या जगण्याचा पायाच आहे, 'सत्य' हे त्यांचं ब्रीद. तिच्या टेबलावर बायबल आणि त्यांच्याच संघातला थोर विचारवंत थॉमस अक्वायनस याची पुस्तकं होती, समासात पेन्सिलीने कोंकणीत टिपणं.

राहिला आईबापांचा मुद्दा. २०२२ मध्ये तिची आई अंथरुणाला खिळली. मुलीने मठप्रमुखांकडे परवानगी मागितली, ती मिळाली, आणि ती तीन आठवडे दिवाडीला येऊन राहिली. त्याच पांढऱ्या झग्यात विहिरीचं पाणी ओढायची, आईला अंघोळ घालायची. संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, व्हायचा, मीही जाऊन बसायचे. झोपायच्या आधी ती आईच्या उशाशी उभी राहून हलक्या आवाजात 'साल्वे रेजिना' हे मरियेचं स्तोत्र गायची. डोमिनिकन मठांत रोज रात्री शेवटी हेच गातात. मठातली एखादी बहीण मरणाच्या दारात असली, की बाकीच्या तिच्या खाटेभोवती उभ्या राहूनही हेच गातात. ते तेव्हा तिने मला सांगितलं नव्हतं.

ती परत गेली आणि दीड महिन्याने आई गेली. अंत्यविधीला ती आली नाही. यायचं की नाही हे मठप्रमुखांनी तिच्यावरच सोडलं होतं. जे द्यायचं ते मी जिवंतपणी देऊन आले, असं तिने फोनवर सांगितलं. मला तो निर्णय जड गेला, अजूनही जातो, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने ऐकून घेतलं. महिन्याभराने तिचं पत्र आलं. आईच्या खोलीची खिडकी उघडी ठेवता का, वास कोंडतो, असं विचारलं होतं. मी रोज सकाळी जाऊन ती उघडते.