'लोकच ठरवतील' म्हणणारा सिनेटर

जोतीरावांची 'गुलामगिरी' आली १८७३ मध्ये. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आपल्याकडे तिथून थेट लिंकनवर उडी मारतात आणि विषय संपतो. मला मात्र लिंकनला एकदा हरवलेला आणि दोन वर्षांनी त्याच्याकडून हरलेला माणूस जास्त छळतो. इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस. (फ्रेडरिक डग्लस वेगळा. तो गुलामीतून निसटून आलेला. नावाने घोटाळा होतो म्हणून आधीच सांगितलं.)

उंची पाच फूट चार इंच, पण सिनेटमध्ये दरारा मोठा. १८५० साली गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेचा तंटा मिटवायला सिनेटर हेन्री क्लेने आणलेलं समझोत्याचं एकगठ्ठा विधेयक आपटलं, तेव्हा या वामनमूर्तीने त्याचे तुकडे केले आणि दर तुकड्याला वेगळं बहुमत जुळवून सगळे पार केले. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदाही त्यातच होता.

खरा घोळ १८५४ चा. शिकागोहून पश्चिमेला रेल्वे न्यायची, तर वाटेतल्या नेब्रास्काच्या मुलखात आधी रीतसर सरकार हवं. त्यासाठी दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्या राज्यांची मतं लागणार. आणि १८२० च्या समझोत्याने त्या मुलखात, म्हणजे ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या वर, गुलामगिरीला बंदी होती. डग्लसने ती रेषाच पुसून टाकली. गुलाम ठेवायचे की नाही, हे तिथले लोकच ठरवतील, म्हणाला.

ऐकायला किती गोड! लोकांनी ठरवायचं, याला कोण नाही म्हणणार? पण 'लोक' म्हणजे गोरे पुरुष. ज्याच्या जन्माचा सौदा चाललाय, त्याला मत नाही.

बरं, ज्यांना मत होतं त्यांनी तरी नीट ठरवलं का? त्याच मुलखातून काढलेल्या कॅन्ससमध्ये मार्च १८५५ ला विधिमंडळाची निवडणूक झाली. नुकत्याच झालेल्या गणनेत मतदार भरले होते २,९०५. मतं पडली सहा हजारांच्या वर. शेजारच्या मिसुरी राज्यातून गुलामगिरीवाल्यांच्या हत्यारबंद टोळ्या आल्या, मतं टाकली आणि घरी गेल्या. आपल्याकडे ज्याने एकदा तरी बूथ सांभाळलाय, त्याला हे समजावून सांगायला नको. पुढे गुलामगिरीवाल्यांचं एक आणि विरोधकांचं एक अशी दोन सरकारं, जाळपोळ, मुडदे. मे १८५६ मध्ये तर गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नरने कॅन्ससवर भाषण केलं म्हणून एका खासदाराने त्याला सिनेटच्या सभागृहात काठीने रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं.

डग्लस नुसताच संधिसाधू असता तर ही पोस्ट लिहिली नसती. १८५७ मध्ये गुलामगिरीवाल्यांनी लबाडीने बनवलेली राज्यघटना कॅन्ससच्या गळ्यात मारायची होती. राष्ट्राध्यक्ष बुकॅनन त्याच्याच पक्षाचा. त्याने दम दिला, आपल्याच पक्षाचे जुने राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या काळात विरोध करणाऱ्यांचं काय झालं ते आठवा. डग्लस म्हणाला, जनरल जॅक्सन वारलेत, लक्षात असू द्या. आणि खरंच पक्षाविरुद्ध उभा राहिला. याला छाती लागते.

पण त्याच लढाईत, डिसेंबर १८५७ मध्ये, तो सिनेटमध्ये म्हणाला की गुलामगिरीच्या बाजूने मत पडो की विरुद्ध, मला त्याचं काही नाही. मी अडकतो ते इथे.

लिंकनने नेमकं हेच पकडलं. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी इलिनॉयच्या सात गावांत दोघांचे जाहीर वाद झाले, प्रत्येक तीन तासांचा. चार्ल्स्टनला लिंकन काय बोलला तेही वाचा. काळ्यांना सामाजिक-राजकीय बरोबरी द्यावी असं माझं म्हणणं नाही, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. मूर्ती जरा हलते. तरी तो गुलामगिरीला अन्याय म्हणत होता. डग्लस मोजत होता फक्त मतं. त्या वेळी सिनेटर विधिमंडळ निवडायचं. डग्लस ५४ विरुद्ध ४६ ने जिंकला.

१८६० मध्ये त्याचा डेमोक्रॅटिक पक्षच फुटला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डग्लस जनतेच्या मतांत दुसरा आणि इलेक्टोरल मतांत, म्हणजे अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार मतांत, शेवटचा आला. लिंकन १८०, हा १२. पण ऑक्टोबरमध्येच लिंकन येणार हे दिसताच त्याने स्वतःच्या मतांची आशा सोडली आणि दक्षिणेत जाऊन देशातून फुटू नका म्हणून सांगत फिरला. शिव्या खाल्ल्या. फुटलेल्या दक्षिणेने सरकारच्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्यावर सरळ लिंकनकडे जाऊन पाठिंबा दिला. लिंकन ७५ हजार सैनिक मागवणार होता, हा म्हणाला दोन लाख मागवा. ३ जून १८६१ ला शिकागोत गेला, ४८ व्या वर्षी.

आणि एक गोष्ट, जी 'मला त्याचं काही नाही' वाचताना डोक्यातून जात नाही. सासऱ्याने मिसिसिपीतला मळा त्याला देऊ केला होता, शंभरावर गुलामांसकट. याने नको म्हटलं. मग १८४८ मध्ये तो मृत्युपत्राने बायकोच्या, मार्थाच्या, नावे झाला. ती १८५३ मध्ये वारली. मळा मुलांकडे गेला, पण कारभारी बापच राहिला. त्याचा मेहनताना ठरला होता उत्पन्नाचे २० टक्के.