‘पहिल्याच वेळी चुकीचा कोळसा गळ्यात मारला’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

कामाडो ग्रिलवरील (जाड सिरॅमिकच्या, झाकण असलेल्या कोळशाच्या शेगडीवरील) आपल्या पहिल्या स्वयंपाकाविषयीचा आपला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला आणि सोबतची छायाचित्रेही पाहिली. आपली तक्रार थोडक्यात अशी : पहिल्या वेळेसाठी आम्ही ब्रिकेटऐवजी (कोळशाच्या दाबलेल्या वड्यांऐवजी) अखंड तुकड्यांचा लाकडी कोळसा सुचवला, तो पेटताना पांढरा धूर आला, नंतर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले ते काही केल्या उतरेना, चिकन बाहेरून करपले व आतून कच्चे राहिले, आणि पिशवीच्या तळाशी चुरा निघाला. ब्रिकेट घेतल्या असत्या तर यातले काहीच घडले नसते आणि आम्ही केवळ महाग माल खपवला, असा निष्कर्ष आपण काढला आहे. आपला वैताग आम्ही समजू शकतो. निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही, आणि हा अभिप्राय वाचून पहिला कोळसा निवडणारे इतरही असतील, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

ब्रिकेट आम्हीही विकतो. उघड्या ग्रिलसाठी त्या सोयीच्या असतात, कारण प्रत्येक वडी सारख्या आकाराची असते आणि ती किती वेळ जळेल याचा अंदाज बांधता येतो. कामाडोचे गणित वेगळे आहे. त्याच्या जाड सिरॅमिकच्या भांड्यात हवा फक्त खालच्या झडपेतून शिरते, कोळशाखालच्या जाळीच्या भोकांतून कोळशामधून वर चढते आणि वरच्या झडपेतून बाहेर पडते. हा मार्ग मोकळा राहिला तरच आच राहते. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चसारख्या चिकट पदार्थाने बांधून दाबलेली वडी, आणि तिच्यात पुष्कळदा खनिज पदार्थांची भरही असते, जिची शेवटी राखच होते. ईएन १८६०-२ या युरोपीय मानकानुसार लाकडी कोळशात जास्तीत जास्त ८ टक्के राख चालते, तर ब्रिकेटमध्ये १८ टक्क्यांपर्यंत. दोन-तीन तासांच्या स्वयंपाकात ही जास्तीची राख जाळीवर साचते, भोके बुजतात आणि तापमान मध्येच खाली येऊ लागते. अनुभवी माणूस खालच्या झडपेतून सळई घालून जाळी मोकळी करतो. पहिल्यांदाच ग्रिल लावणाऱ्याला मात्र काय बिघडले हेच कळत नाही. तुकड्यांचा कोळसा सुचवण्यामागे आमचे कारण एवढेच होते. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या चांगल्या ब्रिकेटची राख कमी असते हे खरे, पण त्या पेटायला अधिक वेळ घेतात, म्हणून त्या हात बसल्यावर वापराव्यात. लवकर पेटाव्यात म्हणून ज्वलनशील द्रवात भिजवलेल्या ब्रिकेट मात्र कामाडोत कधीच घालू नयेत. सिरॅमिक सच्छिद्र असते, त्यात तो वास मुरतो आणि पुढच्या पदार्थांना लागत राहतो.

आता तापमानाविषयी. कामाडोत आच ठरते ती हवेवरून. दुसऱ्या छायाचित्रात खालची झडप पूर्ण उघडी आहे, वरचे टोपण बाजूला काढून ठेवलेले आहे आणि कोळसा तीन ठिकाणी पेटलेला दिसतो. ही मांडणी मांसाचा जाड तुकडा भर आचेवर झटपट भाजण्यासाठी योग्य आहे, आणि तिच्यात ३०० अंश होणे हे कोळसा चांगला असल्याचेच लक्षण आहे. ब्रिकेट असत्या तरी तापमान चढलेच असते, फार तर सावकाश. शिवाय हवेबरोबर भिंतीही तापतात आणि एकदा सिरॅमिकने उष्णता धरली की झडपा बंद केल्या तरी ती उतरायला तासभर सहज लागतो. आपल्याला ‘उतरेना’ असे जे वाटले ते हेच. म्हणून कोळसा मध्यभागी एकाच ठिकाणी पेटवावा, हव्या असलेल्या तापमानाच्या पंचवीसएक अंश आधीच दोन्ही झडपा आवळायला सुरुवात करावी, आणि प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत थांबावे. हे थांबणेच सर्वांना जड जाते.

पहिल्या काही वेळा आच बेताची ठेवण्याला आणखी एक कारण आहे. झाकण आणि भांडे यांच्यामध्ये फेल्टची जी पट्टी असते ती डिंकाने चिकटवलेली असते, आणि हा डिंक पक्का बसावा म्हणून अनेक उत्पादक सुरुवातीला साधारण १८० अंशांच्या आत राहायला सांगतात. आपले तापमान बरेच वर गेले असल्याने ग्रिल पूर्ण थंड असताना ही पट्टी एकदा तपासून घ्यावी : कागदाची चिंधी मध्ये धरून झाकण लावावे आणि ती ओढून पाहावी. कडेने सगळीकडे थोडा अडथळा जाणवला तर पट्टी शाबूत आहे. एखाद्या जागी कागद सरसर निघाला तर तिथून हवा शिरते, आणि मग कोणत्याही कोळशावर ताबा राहणार नाही.

पांढरा दाट धूर सुरुवातीला प्रत्येक कोळशातून येतो, कारण उरलेला ओलावा आणि न जळलेले वायुरूप अंश तेव्हा बाहेर पडत असतात. तो विरळ, जवळजवळ न दिसणारा होईपर्यंत वरच्या, भाजायच्या जाळीवर अन्न ठेवू नये, नाहीतर कडवट चव येते. अर्ध्या तासानंतरही धूर दाटच राहिला, तर मात्र कोळसा दमट किंवा अर्धवट भाजलेला असण्याची शक्यता आहे आणि तेव्हा तक्रार रास्त ठरते. याची परीक्षा सोपी आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत : पूर्ण भाजलेला कोळसा खणखणीत वाजतो, कच्चा राहिलेला बद्द आवाज करतो आणि मोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रातील मोडलेला तुकडा आतपर्यंत काळा आणि चकचकीत आहे.

तुकड्यांच्या आकाराचा प्रश्न आम्हाला लाकडाच्या जातीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पिशवीवरील झाडाच्या नावाला ग्राहक फार महत्त्व देतात. घट्ट, जड लाकडाचा कोळसा जास्त वेळ टिकतो हे खरे, पण धुराचा स्वाद मुख्यतः वरून घातलेल्या लाकडाच्या तुकड्यातून येतो, कारण कोळसा होतानाच लाकडातील बहुतेक सुगंधी अंश निघून गेलेले असतात. नवख्याने अंड्यापासून मुठीएवढ्या आकाराच्या मिश्र तुकड्यांची पिशवी निवडावी. नुसते मोठे तुकडे घेतले तर मंद आचेवर विस्तव एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जात नाही आणि विझतो. नुसते बारीक घेतले तर हवा कोंडते. पिशवी थेट ओतू नये. हाताने मोठे तुकडे तळाशी, मध्यम त्यावर आणि लहान सर्वांत वर रचावेत, म्हणजे जाळीची भोके मोकळी राहतात. आपल्या छायाचित्रात भांडे अर्धेच भरलेले आहे. काटकसरीच्या दृष्टीने ते स्वाभाविक वाटते, पण इथे त्याची गरज नसते : कोळसा भांड्याच्या आतल्या कडेच्या हवेच्या भोकांच्या वरपर्यंत भरावा आणि काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद कराव्यात, म्हणजे तो विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. आपण म्हणता तो महागपणा तपासताना हेही हिशेबात धरावे. विझवण्यासाठी पाणी मात्र कधीही टाकू नये, तापलेले सिरॅमिक तडकते. आणि झडपा आवळलेल्या असताना झाकण एकदम उघडू नये. आधी ते दोन बोटांएवढेच उचलून हवा आत जाऊ द्यावी, अन्यथा ज्वाळेचा भपका अंगावर येऊ शकतो.

राहिला चुरा. अखंड कोळसा ठिसूळ असतो, वाहतुकीत थोडा फुटतोच, त्यामुळे तळाशी काही चुरा प्रत्येक पिशवीत निघेल. तो किती होता हे छायाचित्रावरून ठरवता येत नाही. उरलेला कोळसा वापरण्यापूर्वी आपण चुरा वेगळा करून त्याचे वजन आणि पिशवीवरील बॅच क्रमांक आम्हाला संदेशाने कळवावा. प्रमाण वाजवीपेक्षा जास्त आढळल्यास आम्ही पिशवी बदलून देऊ. ब्रिकेटच हव्या असतील तर न उघडलेल्या पिशव्यांच्या बदल्यात त्याही नेता येतील, फक्त प्रत्येक वापरानंतर, ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर, जाळीखालची राख काढावी लागेल.