जुनी व्हेरिएबल्स टिकतात का, तेही सांगा
क्लाउडवरच्या सेवेची एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल्स (ॲपला बाहेरून दिलेल्या सेटिंग्ज) एआय एजंटकडून, म्हणजे आपल्या वतीने कमांड चालवणाऱ्या एआयकडून, बदलून घेण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं ‘एजंटला एका ओळीत सांगा, व्हेरिएबल सेट होऊन जाईल’ हे वाक्य अर्धवट आहे. सेट होतं, पण आधीची टिकतात का? गूगल क्लाउड रनमध्ये (गूगलच्या सर्व्हरवर ॲप चालवायची सेवा) कमांडमध्ये ‘सेट-एन्व्ह-व्हार्स’ हा पर्याय वापरला की जुनी सगळी यादी जाऊन फक्त नवी उरते. भर घालायची तर ‘अपडेट-एन्व्ह-व्हार्स’ लागतं. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस लॅम्डा या सेवेच्या कमांडमध्येही नवी यादी दिली की जुनी पूर्ण बदलते. आमच्याकडे एका वेगळ्याच सेवेवर एजंट नुसती लॉग लेव्हल (नोंदी किती तपशिलात ठेवायच्या ती सेटिंग) बदलायला गेला आणि डेटाबेसचा पत्ताच उडाला, सर्व्हिस उठेचना. आता आम्ही आधी त्याला सध्याच्या व्हेरिएबल्सची नावं दाखवायला लावतो, फक्त नावं, आणि कमांड नीट वाचल्याशिवाय होकार देत नाही.

एपीआय की (दुसरी सेवा वापरण्यासाठीची गुप्त किल्ली) एजंटच्या चॅटमध्ये पेस्ट करायचा लेखातला सल्ला मात्र कृपया काढून टाका. ती संभाषणाच्या इतिहासात राहते, कधी कधी लॉगमध्येही उतरते, आणि मग की बदलत बसावं लागतं. सीक्रेट मॅनेजरमध्ये (अशा गुप्त गोष्टी जपून ठेवणाऱ्या क्लाउड सेवेत) की आपल्या हाताने ठेवायची, एजंटला त्या सीक्रेटचं फक्त नाव द्यायचं. सर्व्हिसला ती की जोडून द्यायला त्याला तेवढं पुरतं.