पिवळ्या सेलचा अर्थ काय, ते आधी लिहून द्या!

"सॉफ्टवेअर घेतलंय ना, मग सोमवारपर्यंत सगळे रिपोर्ट त्यात टाका." एक्सेलचे रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये (डेटावरून रिपोर्ट आणि डॅशबोर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेताना वरून हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. रिपोर्ट टाकायचे नसतात हो, नव्याने बांधायचे असतात! आणि बांधायला हाताशी काय देता? मर्ज केलेले सेल, मधेमधे बेरजेच्या ओळी, डोक्यावर तीन मजली हेडिंग आणि रंग. पिवळं म्हणजे थकबाकी, हिरवं म्हणजे मिळाले, फिकट हिरवं म्हणजे अर्धे मिळाले. पॉवर बीआय सेलमध्ये काय लिहिलंय ते वाचतं, रंग वाचत नाही. 'स्थिती' नावाचा एक कॉलम करायला कुणाचं काय जात होतं?

मर्ज केलेल्या सेलमध्ये मजकूर फक्त पहिल्या खान्यात असतो, खालचे सगळे रिकामे येतात. त्यावर 'फिल डाउन' आहे, म्हणजे वरचा मजकूर खालच्या रिकाम्या खान्यांत भरणं, पण जिथे नाव खरंच भरायचं राहिलंय तिथेही ते वरचंच नाव चिकटवतं. उपबेरजा आणि एकूण बेरीज न गाळता शीट आत घेतलं तर आकडा सरळ तिप्पट होतो. बारा महिन्यांचे बारा आडवे कॉलम असतील तर ते उभे करावे लागतात. त्यासाठी न बदलणारे कॉलम निवडून 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करायचं. महिनेच निवडून 'फक्त निवडलेले' हा पर्याय वापरला, तर पुढचा महिना आला की तो बाहेरच राहतो.

तारखांचा छळ तर वेगळाच. दिवस-महिना-वर्ष अशी तारीख अमेरिकी लोकेलने, म्हणजे तिकडच्या महिना-दिवस-वर्ष पद्धतीने, वाचली गेली की १३ तारखेपासून पुढे एरर दिसते, ती परवडली. १ ते १२ मात्र गुपचूप उलटतात, ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून कॉलमचा प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' निवडायचंच. एका शीटमध्ये कोड ००१२३ आणि दुसऱ्यात १२३ असेल तर जोडणी होत नाही. एक्सेल आकड्याचे १५च अंक जपतं. १६ अंकी क्रमांक आकडा म्हणून भरला की शेवटचा अंक शून्य झालाच म्हणून समजा, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही. शिवाय कुणीतरी 'रक्कम' हे हेडिंग बदलून 'एकूण रक्कम' करतं, रात्री नवा डेटा ओढणारं रिफ्रेश कोसळतं आणि सकाळी ओरडा कुणाला? डॅशबोर्ड करणाऱ्याला!

सगळ्यात संताप येतो तो "जुन्या शीटमध्ये वेगळा आकडा होता" याचा. होता ना! कारण तिथला फॉर्म्युला ५००व्या ओळीवर थांबलाय आणि डेटा ७४०व्या ओळीपर्यंत गेलाय. किंवा महिना जुळेना म्हणून फॉर्म्युला पुसून कुणीतरी हाताने आकडा ठोकलाय. किंवा टक्क्यांची सरासरी काढलीय: एका शाखेच्या १० पैकी ९ ऑर्डर वेळेत, दुसरीच्या १,००० पैकी ५००. शीट ९० आणि ५० ची सरासरी काढून ७० टक्के दाखवतं. खरा आकडा १,०१० पैकी ५०९, म्हणजे ५०.४ टक्के! पॉवर बीआयमध्ये मेजर, म्हणजे हिशेबाचा फॉर्म्युला, लिहून तो बरोबर काढला की म्हणे नवीन सिस्टिम चुकते. वर्षानुवर्षं चुकीचा आकडा मिरवला त्याचं काहीच नाही?

एका वेळी एकच रिपोर्ट घ्या. एक ओळ म्हणजे काय, एक बिल की बिलातली एक वस्तू, हे आधी ठरवा. व्यवहारांचा एक टेबल, ग्राहक, वस्तू आणि तारखा यांचे वेगळे टेबल. दोन महिनाअखेरी जुनं आणि नवं शेजारी चालवा, प्रत्येक फरकाचं कारण लिहून ठेवा, मगच जुनं शीट कुलूपबंद करा. याला आठवडे लागतात. सोमवारपर्यंत होत नाही!

आणि इतकं करून पहिली मागणी काय येते? "यात एक्सेलला एक्स्पोर्टचं बटण कुठंय?" मग तेच उतरवून घ्यायचं, पुन्हा पिवळं रंगवायचं, तीच फाइल मेलवर फिरवायची आणि महिनाभराने विचारायचं की दोन आकडे कसे आले!