उजव्या डोळ्याची मोटर

जुन्या आलिशान सेदानच्या हेडलाइटवर जो टीचभर वायपर असतो, तो गाडीच्या मालकाला सोडून सगळ्या जगाला दिसतो. स्टिअरिंगमागे बसलं की लांबलचक बॉनेट दिसतं, त्यावर पडलेलं आभाळ दिसतं, आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. पण हेडलाइट दिसत नाहीत. त्यामुळे माझ्या गाडीचा उजवा वायपर नक्की कधी वारला, हे मला सांगता येणार नाही. गाडीसमोर उभ्या असलेल्या बायकोने बातमी दिली. "अहो, हिचा एकच डोळा मिचकावतोय."

शहाण्या माणसाने "मिचकावू दे" म्हणून विषय संपवला असता. पण गाडी कितीही जुनी झाली तरी ती आलिशान आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी आता अशाच फालतू गोष्टींवर येऊन पडलेली असते. शिवाय या वायपरला घराणं आहे. स्वीडनच्या साब या मोटार कंपनीने १९७०च्या सुमारास तो गाड्यांवर आणला. बर्फाचा चिखल दिव्यांवर थापला जातो, निम्मा उजेड तिथेच अडतो आणि ड्रायव्हरला वाटतं रात्रच जरा जास्त काळी आहे, म्हणून. पुढे १९७४मध्ये स्वीडनने दिवे साफ करायची सोय सक्तीचीच केली. मग दिव्यांच्या काचा जाऊन प्लॅस्टिक आलं. प्लॅस्टिकवर रबर घासलं की ओरखडे उठतात, म्हणून वायपर गेले आणि लांबूनच जोरात पाणी मारणाऱ्या पिचकाऱ्या आल्या. म्हणजे माझ्याकडे आहे ती नामशेष जमात. तिचा निम्मा वंश माझ्या हयातीत बुडावा, हे काही मला बरं वाटेना.

आधी फ्यूज पाहिला. ठणठणीत. (जुन्या गाडीत फ्यूज चांगला निघाला की आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.) मग अर्थिंगची वायर घासूनपुसून पाहिली, कारण या वयाच्या गाडीत मेलेल्या म्हणून जाहीर झालेल्या निम्म्या वस्तू नुसत्या गंजलेल्या अर्थिंगमुळे निपचित पडलेल्या असतात. शेवटी बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट दिले. मोटरने "टक्" केलं आणि परत मौन. त्या एका "टक्"वर मी बरेच दिवस आशा लावून बसलो.

मोटर मुठीत मावेल एवढी. पण ती हेडलाइटच्या मागे, हेडलाइट ब्रॅकेटच्या मागे, आणि ब्रॅकेटचा एक नट इंडिकेटरच्या मागे. म्हणजे आधी इंडिकेटर काढायचा. तो प्लॅस्टिकच्या ज्या खिट्टीवर अडकवलेला असतो ती खिट्टी नवी असताना लवचिक होती, आता तिला नुसतं "बाई, जरा सरकतेस का?" म्हटलं तरी ती तुटते. मागून हात घालावा, तर उजवीकडे नेमकी वॉशरची टाकी. या रचनेत हात जातो, पाना जातो. हात आणि पाना मिळून जात नाहीत. आखणी करणाऱ्या इंजिनिअरची समज बहुधा अशी असावी, की ही गाडी घेणारा माणूस मोटर बिघडली तर गाडीच बदलेल. पहिल्या मालकाने ती बदललीच. म्हणून तर ती माझ्याकडे आली.

वायपरचा दांडा मोटरच्या दातेरी आसावर एका नटाने बसवलेला असतो आणि तिथे गंजाने संसार थाटलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारायचं, रात्रभर थांबायचं, सकाळी परत मारायचं. ओढाताण केली तर दांडा वाकतो, नाहीतर खालची काच जाते. आणि त्या काचेपुढे मोटर म्हणजे किरकोळ खर्च.

मोटर उघडली तेव्हा आत पाणी शिरून गेल्याच्या खुणा होत्या. आसाभोवतीचं रबर कडक झालं की पाणी त्याच वाटेने उतरतं. ग्रीसचं मेण झालेलं, गिअर त्यात रुतलेला, आणि वायपर जाग्यावर आणून थांबवणारी तांब्याची चकती हिरवीगार. साफ करून चालवावी म्हटलं, तर तांबं पुसता पुसता निघूनच आलं.

नवी मोटर शोधायला लागल्यावर कळलं, की उजवी आणि डावी वेगळी असते. डाव्या हव्या तेवढ्या मिळत होत्या. उजवीसाठी भंगारातल्या गाड्या धुंडाळाव्या, तर तिथे आलेल्या बहुतेक गाड्या तोंडावर आपटून आलेल्या. आणि मोटर असते ती तोंडावरच. अखेर मागून ठोकलेली एक सद्गुणी गाडी सापडली.

बसवताना एक पथ्य असतं: दांडा लावायच्या आधी मोटर एकदा चालवून तिच्या विश्रांतीच्या जागी थांबू द्यायची. नाहीतर वायपर काच सोडून बंपर पुसायला निघतो. ते पाळलं. पाण्याची नळी जोडली, इंडिकेटर लावला, उरलेला एक स्क्रू डबीत टाकला. अशा कामांतून उरलेल्या स्क्रूंची माझ्याकडे स्वतंत्र डबी आहे.

आता चाचणी. हे वायपर आपण होऊन चालत नाहीत. हेडलाइट चालू हवेत आणि पुढच्या काचेवर पाणीही मारायला हवं. आणि अर्थातच, समोर साक्षीदार हवा. बायको भर दुपारी पेटलेल्या दिव्यांसमोर उभी राहिली. मी पाणी मारलं. पिचकारीचा नेम अजून लावायचा होता.

"चालतोय!" ती चेहरा पुसत म्हणाली. "पण दोघे बरोबर नाही चालत. उजवा होऊन बसलासुद्धा, डावा अजून अर्ध्यात."

"दोघांना वेगवेगळी मोटर आहे ना. डावीतलं ग्रीस सुकलं असणार. एकदा खोलून—"

"अहो," ती म्हणाली, "खाली उतरा आणि चावी माझ्याकडे द्या."